कापसाचा वाडा

१९६६ सालचा मे महिना. आबाजींच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला न्यायचं ठरलं. यवतमाळहून आम्ही शकुंतलेत बसलो. वडील, आबाजी आणि शाळेला सुट्टी असल्यानं मी. दारव्हा, कारंजा करत गाडी मुर्तिजापूरला पोचली. तिथं मोठ्या गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी बोरीबंदरला उतरलो. त्या वेळी आबाजींना काहीच दिसत नव्हतं. वडिलांचा हात धरून ते गर्दीतून बाहेर आले आणि टॅक्सीत बसले.

परतीच्या दिवशी मात्र त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा होता. गाडीला वेळ होता. आबाजी स्टेशनच्या समोर, रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. घुमट, कमानी, दगडातली माकडं, मोर, पानं, फुलं. मग मला म्हणाले, "हे पाय बाबू, हा आपल्याच कापसाचा वाडा हाये."

वडील हसले. मीही हसलो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून ते वाक्य आमच्या घरात पुढं अनेक वर्षं थट्टेनं सांगितलं गेलं. पुढं मी इतिहासाच्या वाटेला लागलो, तेव्हा कधीतरी मनात आलं, की या वाक्याचा खरेखोटेपणा एकदा तपासून पाहायला काय हरकत आहे? आज तेच आपल्याला सांगायचं आहे. हा वाडा बांधला कुणी, त्याला पैसा आला कुठून आणि आमच्या यवतमाळच्या कापसाचा त्यात वाटा होता की नव्हता?

आधी बांधणाऱ्याकडे जाऊ. या इमारतीचा वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टिव्हन्स. जन्म १८४७चा, इंग्लंडमधल्या बाथ या गावचा. हे लंडनसारखं मोठं शहर नव्हे. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी नावाजलेलं, टुमदार, दगडी घरांचं गाव. तिथं चार्ल्स डेव्हिस नावाच्या वास्तुरचनाकाराकडे स्टिव्हन्स उमेदवारी करायला राहिला. त्या काळी इंग्लंडमध्ये वास्तुकला शिकण्याची रीत हीच होती. कॉलेजात न जाता पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी एखाद्या कचेरीत जायचा, वर्षानुवर्षं नकाशे गिरवायचा, कामावर जाऊन दगड पाहायचा, हिशेब शिकायचा. आपल्याकडे सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली जसा शिकतो, तसंच.

इंग्लंडच्या गावोगावी अशा कचेऱ्या होत्या. गावातल्या लोकांना काही बांधायचं असलं, की ते लंडनला न धावता आपल्या गावच्या कचेरीत जात. लँकेस्टर गावातली अशीच एक कचेरी एडमंड शार्प यानं १८३५ मध्ये सुरू केली. पुढं पेली आणि ऑस्टिन ही माणसं तीत आली आणि विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत, म्हणजे शंभरावर वर्षं, ती चालली. नाव झालं ते चर्चच्या इमारतींमुळे. पण त्याच कागदावर त्याच हातांनी रेल्वेची स्टेशनं, इस्पितळं, शाळा, जमीनदारांचे वाडे यांचेही नकाशे निघाले. अल्व्हरस्टनचं रेल्वे स्टेशन त्यांचं, लँकेस्टरचं मोठं इस्पितळ त्यांचं.

लँकेस्टरमध्ये थॉमस स्टोरी नावाचा गिरणीमालक होता. सूत काढायचं, कापडावर लेप देऊन टेबलावर अंथरायचं मेणकापड करायचं, असा त्याच्या घराण्याचा धंदा. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून त्यानं गावाला एक संस्था बांधून दिली. वाचनालय, व्याख्यानाचं सभागृह, चित्रांचं दालन, तंत्रशिक्षणाचे वर्ग, सगळं एका छपराखाली. नकाशे अर्थातच गावच्या कचेरीचे. १८९१ मध्ये ती उघडली आणि स्टोरी इन्स्टिट्यूट म्हणून आजही ओळखली जाते. आता गंमत पाहा. त्याच १८८७ साली, त्याच राणीच्या त्याच सोहळ्याच्या निमित्तानं मुंबईतल्या नव्या स्टेशनाला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव दिलं गेलं. एका टोकाला कापूस जहाजात चढत होता, दुसऱ्या टोकाला त्याचं सूत होत होतं आणि दोन्हीकडे त्याच धंद्याच्या जोरावर उत्सवाच्या इमारती उभ्या राहत होत्या. स्टोरीच्या गिरणीत वऱ्हाडचाच कापूस होता, असं मी म्हणणार नाही. पण लँकेशायर परगण्याचं जगणं दूरदेशीच्या कापसावर होतं, एवढं निश्चित.

बाथच्या कचेरीत शिकलेला स्टिव्हन्स १८६७ मध्ये परीक्षा देऊन हिंदुस्थानात आला, तो सरकारच्या बांधकाम खात्यात. पहिली नेमणूक पुण्याला. पुढं मुंबईत त्यानं खलाशांसाठी एक आश्रयगृह बांधलं. हे काम १८७२ ते १८७६ या काळातलं. त्यावर लोक खूष झाले. १८७७ मध्ये सरकारनं त्याला जी.आय.पी. रेल्वेच्या कामासाठी मोकळं केलं. स्टिव्हन्स आधी युरोपात गेला, तिथली मोठी स्टेशनं हिंडून पाहिली आणि मग नकाशे पक्के केले. अॅक्सेल हेग या चित्रकाराकडून त्यानं भावी इमारतीचं जलरंगातलं चित्र काढून घेतलं. ते १८८० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं. म्हणजे इमारत पुरी व्हायच्या आठ वर्षं आधीच लंडनकरांनी तिचं रूप पाहिलेलं होतं.

१८८४ मध्ये स्टिव्हन्सनं सरकारी नोकरी सोडली आणि मुंबईत स्वतःची कचेरी थाटली. बाथ काय, लँकेस्टर काय, तिथल्या कचेऱ्यांसारखीच ही एक कचेरी. फक्त गाव मुंबई आणि गिऱ्हाइकं बड्या कंपन्या. बोरीबंदरसमोरची महापालिकेची इमारत या कचेरीची. ती १८९३ मध्ये पुरी झाली. चर्चगेटची बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची मुख्य कचेरी, जिथं आज पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, तीही त्यांचीच. ती १८९९ मध्ये पुरी झाली. या शेवटच्या कामात मुलगा चार्ल्स बापाच्या हाताखाली होता. १९०० मध्ये स्टिव्हन्स हिवतापानं मुंबईतच गेला. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. मुलानं कचेरी पुढं चालवली. १९३३ मध्ये उघडलेलं रीगल थिएटर हे चार्ल्सचं काम. आज रीगलच्या चौकात उभं राहिलं, की एका बाजूला मुलाचं सिनेमागृह आणि समोर बापानं बांधलेलं खलाशांचं घर दिसतं. मधे साठ वर्षं आहेत.

आता खुद्द बोरीबंदरच्या बांधकामाकडे येऊ. काम मे १८७८ मध्ये सुरू झालं आणि मे १८८८ मध्ये संपलं. दहा वर्षं. खर्च आला १६ लाख १४ हजार रुपये. त्या काळच्या हिशेबानं डोळे फिरावेत असा आकडा. मालाड-कुर्ला भागातला पिवळसर दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड, आत इटलीचा संगमरवर. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत. तसेच निरनिराळ्या पगड्या-पागोट्यांतले हिंदुस्थानी चेहरेही आहेत. दारात एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक त्यांच्या देशाचा, एक आपल्या.

हे सगळं एकट्या स्टिव्हन्सनं केलं का? तर नाही. त्याचा सहायक अभियंता होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीला होते एम. एम. जनार्दन. नावांवरूनच ही आपल्याकडची माणसं आहेत हे कळतं. कोरीव कामातला मोठा भाग मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आपल्या जे.जे.च्या, विद्यार्थ्यांनी केला. ती माकडं, ते मोर, त्या वेली इंग्लंडातून आलेल्या नाहीत. ज्यांनी ते प्राणी झाडांवर बसलेले पाहिले होते, अशा पोरांच्या हातून ते उतरले. नकाशा बाथच्या माणसाचा, पण हात इथले. आबाजींच्या वाक्यातला 'आपला' हा शब्द निदान एवढ्यापुरता खरा ठरला, असं मला पहिल्यांदा वाटलं ते इथं.

पण आबाजी हातांबद्दल बोलत नव्हते. ते कापसाबद्दल बोलत होते. तेव्हा आता पैशाचा हिशेब.

जी.आय.पी. ही लंडनमधल्या भागधारकांची कंपनी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी तिचीच. या कंपनीशी १८४९ मध्ये झालेला करार मुळातून पाहण्यासारखा आहे. जमीन सरकारनं फुकट द्यायची आणि कंपनीनं घातलेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी सरकारनं द्यायची. कंपनीला फायदा कमी पडला, तर फरक कोण भरणार? हिंदुस्थानची तिजोरी. आणि तिजोरी भरणार कोण? तर शेतसारा देणारा शेतकरी. कंपनीनं खर्च आवरावा असं तिला वाटण्याचं कारणच उरलं नाही. दादाभाई नौरोजींनी देशाचा पैसा बाहेर वाहून जातो म्हणून जो टाहो फोडला, त्यात रेल्वेवरच्या व्याजाचा वाटा लहान नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे या कंपनीला वऱ्हाडात यायची घाई का झाली? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. मग साऱ्यांच्या नजरा इकडं वळल्या. कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला. १८६७ मध्ये जी.आय.पी.ची लाईन भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पाठोपाठ खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांना फाटे फुटले. खामगावचा फाटा १८७० मध्ये उघडला, तो खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते. कापूस किती महत्त्वाचा होता, याला आणखी पुरावा काय हवा?

यवतमाळ मात्र या लाईनवर नव्हतं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये पडलं. आमचा कापूस बैलगाडीनं धामणगावला जायचा. पंचेचाळीस किलोमीटरची वाट. आबाजी लहान असताना वडिलांबरोबर या वाटेनं गेलेले होते. रात्री गाड्यांची रांग निघायची, गाडीखाली कंदील लटकलेला, पोरं गाठोड्यांवर झोपलेली. धामणगावच्या धक्क्यावर गाठी चढल्या, की त्या कुठं जातात हे आबाजींनी त्यांच्या वडिलांना विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, "ममईले."

मला इथं एक दुरुस्ती करायला हवी. त्या गाठी बोरीबंदरच्या या देखण्या इमारतीत कधीच आल्या नाहीत. माल उतरायचा तो वाडीबंदरला, मालधक्क्यावर. तिथून बाजारात आणि मग जहाजात. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं ते प्रवाशांसाठी आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या कचेरीसाठी. भाड्याचा हिशेब जिथं होत असे ती ही जागा. कापूस मागच्या दारानं जायचा आणि त्याचं भाडं पुढच्या दारात कमानी होऊन उभं राहायचं.

तर मग आबाजी खरे की खोटे? माझ्या मते अर्धे खरे, पण ते अर्धं महत्त्वाचं आहे. हा वाडा केवळ कापसाचा नाही. प्रवाशांचं भाडं, धान्य, तेलबिया, व्याजाची हमी, असं पुष्कळ काही त्यात आहे. पण वऱ्हाडच्या कापसाशिवाय ही लाईन अशी धावली नसती आणि ही कंपनी एवढी मिरवली नसती. इमारतीच्या दर्शनी माथ्यांवर तीन मूर्ती बसवल्या आहेत. एक व्यापाराची, एक यंत्रविद्येची आणि एक शेतीची. घुमटावर सगळ्यांत वर उभी आहे ती प्रगतीची मूर्ती, हातात मशाल आणि चाक घेऊन. शेतीला जागा मिळाली, पण दगडात. चर्चगेटची भव्य कचेरी पुरी झाली त्या १८९९ सालीच वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला होता, हे इथं आठवल्यावाचून राहत नाही.

आता याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला येऊ, म्हणजे आमच्या घरी. यवतमाळला रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. अडीच फुटी रुळांची, अरुंद, मुर्तिजापूरपर्यंत सुमारे ११२ किलोमीटर. किलिक निक्सन ही मुंबईची इंग्रज पेढी आणि तिनं १९१० मध्ये काढलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, हे तिचे मालक. हेतू एकच, कापूस मुख्य लाईनपर्यंत आणायचा. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं आणि तेच नाव टिकलं. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन ती १९२३ पासून ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि डिझेलचं आलं. म्हणजे मँचेस्टरला कापूस पाठवायची गाडी, तिचं इंजिनही मँचेस्टरचं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही ही लाईन वगळली गेली आणि मालकी कंपनीकडेच राहिली.

या लाईनवरच्या स्टेशनांना कुणी स्टिव्हन्स लाभला नाही. इथलं चित्र कुणाला रॉयल अकादमीत टांगायचं नव्हतं. कमीत कमी पैशात ऊनपाऊस अडवायचं, तिकीट द्यायचं, मालाचं वजन करायचं, एवढंच काम. पण आमच्या पिढीला त्या ठेंगण्या इमारती पाठ होत्या. तिकिटाच्या खिडकीची उंची, बाकड्याचा गार दगड, फलाटावरचा कडुनिंब. लाडखेड काय, दारव्हा मोतीबाग काय, कित्येक खेड्यांना बाहेरच्या जगाचं दार तेवढंच होतं.

या दोन टोकांमध्ये आणखी एक दुवा आहे आणि तो आम्हा यवतमाळकरांच्या अभिमानाचा आहे. स्टिव्हन्सचं ते खलाशांचं घर १९२८ पासून विधिमंडळाची इमारत झालं. १९८१ मध्ये नवं विधानभवन होईपर्यंत मुंबईतली अधिवेशनं तिथंच भरत. आज तिथं राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. त्याच सभागृहात १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री म्हणून बसले ते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, आमच्या जिल्ह्याचे. शेतकऱ्याचा कापूस सरकारनंच घ्यावा, ही एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच सरकारच्या काळात. योजनेचं पुढं काय झालं, तो वेगळा विषय आहे. पण परदेशी खलाशांसाठी बांधलेल्या घरात कापूस पिकवणाऱ्या गावचा माणूस राज्याचा कारभार करायला बसला, ही गोष्ट इमारत बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आली नसेल. इमारती अशाच असतात. बांधतो एक, वापरतो दुसरा आणि शेवटी त्या होतात वापरणाऱ्याच्या.

२ जुलै २००४ ला युनेस्कोनं बोरीबंदरच्या इमारतीला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आज तिचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. रात्री रंगीत दिवे लागतात, लोक फोटो काढतात. चांगलंच आहे. शकुंतला मात्र बंद पडली. रुळांमध्ये गवत उगवलं. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाईन येते आहे. तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. मोठी गाडी यावी म्हणून यवतमाळकरांनी किती वर्षं वाट पाहिली, हे मी जाणतो. तिला माझा विरोध नाही, उलट आनंदच आहे. आबाजींना धामणगावची वाट बैलगाडीनं चालावी लागली, त्यांच्या पणतवंडांना तरी ती चालावी लागू नये.

माझी काळजी वेगळी आहे. नवं आलं की जुनं आपण कधी पाडतो हे आपल्यालाही कळत नाही. मोठ्या इमारतीची कागदपत्रं असतात, नकाशे असतात, चित्र असतं. लहान इमारतीचं काहीच नसतं. ती पडली की तिची आठवण सांगणारी म्हातारी माणसं, आणि तीही गेली की मग काही नाही. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांनी, अभियांत्रिकीच्या मुलांनी एक सुट्टी काढावी. मोजपट्टी घेऊन शकुंतलेच्या प्रत्येक स्टेशनावर जावं. भिंतीची लांबी, छपराचा उतार, खिडकीची उंची मोजावी आणि कागदावर उतरवावी. गावातल्या वृद्धांना विचारून घ्यावं, की इथं गवंडी कोण होते, हमाल कोण होते, मास्तर कोण होते. बाथच्या कचेरीत स्टिव्हन्स पोरवयात हेच शिकला होता, उभ्या भिंती मोजणं आणि कागदावर उतरवणं. याला सरकारी मंजुरी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

मागच्या वर्षी मुंबईला गेलो होतो. स्टेशनच्या समोर, रस्त्यापलीकडे, आबाजी उभे होते साधारण तिथंच उभा राहिलो. आता माझ्याही डोळ्यांवर चष्मा आहे. वरची ती शेतीची मूर्ती शोधायला थोडा वेळ लागला. सापडली. शेजारी एक तरुण उभा होता, मोबाईलवर फोटो काढत. त्यानं विचारलं, "काका, काय बघताय?" मी त्याला म्हटलं, "आमच्या गावचं कुणीतरी तिथं वर बसलंय, ते बघतोय." त्याला काही कळलं नसावं. पण त्यानं मोबाईल वर केला आणि त्या मूर्तीचा फोटो घेतला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)